गंगव्वाच्या कुरडया आन अडकलेला हॅमर

दुधनीत गंगव्वाच्या परड्यात बोर घेत हुतो. मधीच रॉड फिरायचा थांबला. मी वराडलो, "मालक, काळा पाशान लागला!"

बोरच्या गाडीचं मालक शिवाप्पा, त्यांनी येऊन बघितलं. "पाशान हितं वर हुबा हाय. पानी कुनी सोडलं एवढं?"

मीच की. गंगव्वानं माळवदावर ओल्या कुरडया घातलेल्या. "तम्मा, धूळ नको रे उडवू," म्हनली. तम्मा म्हंजी तिच्या कानडीत धाकटा भाऊ. धूळ बसाया हवेसंगं जरासं पानी सोडत्यात. मी पान्याचा कॉक पुरा उघडला आन पुन्य केल्याच्या तोऱ्यात बिडी पेटवली.

खाली चुऱ्याचा गारा झाला. हॅमर, म्हंजी दगडावर ठोके देनारा लोखंडी दांडा, त्यात रुतला. निघाला न्हाय तर बोर बाद. परड्यात दुसरी जागा न्हवती. बाई उन्हाळाभर टँकरमागं घागर घेऊन पळायची.

"तम्मा, निघंल न्हवं?" गंगव्वानं इचारलं.

मी मालकाकडं बघितलं.

"सायकलची हवा सोडली की बोटाला गार लागती का न्हाय?" मालक म्हनलं.

"लागती की."

"कॉम्प्रेसरची दाबलेली हवा हॅमरच्या टोकाला बिट अस्तो, त्याच्या भोकातनं सुटली की तशीच फुगती, गार पडती. ठोक्यानं दगड तापलेला. तापल्या गिलासात गार पानी वतल्यावानी त्याला बारीक चिरा जात्यात. मग हॅमर फोडतो, हवा चुरा वर फेकती. तू हवेची वाटच लिपलीस!"

इतकी वर्सं मी समजत हुतो, हवा हॅमरला नुसता वारा घालती.

पानी बंद केलं. मालक लिवर धरून रॉड वर-खाली हलवत ऱ्हायलं. मी फकस्त देवाचं नाव घेत हुतो, तेबी चुकीच्या देवाचं, मालक म्हनलं. एकदम फाडकन हवा फुटली. घर, म्हस, मी, कुरडया, समदं राखुंडीच्या रंगाचं. पर हॅमर धडधडाया लागला.

दिवस कलताना पानी उसळलं. "नीर बंतू! पानी आलं!" म्हनत गंगव्वा त्या पान्यात लुगड्यासकट भिजली.

मग तिनं दिवसभर उन्हात वाळलेल्या त्या धुळीतल्याच कुरडया तळल्या. पयली माझ्याच हातावर ठिवली. "खा, तम्मा. समदी खायाची." दातात दगड कचकचला. मालक पोट धरून हसलं. तसं हसनारं मानूस आता न्हाय. आता मी चालवतो त्या नव्या गाडीला काचंची केबिन हाय, पर आत एकट्यानं कुनावर हसायचं?

आता कुनी म्हनलं, "धूळ जरा कमी करा की," तर मी कॉकला हात लावत न्हाय. सांगतो, "कुरडया घरात न्या."