अंतर हद्दीपासून मोजावे

ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी चुकीची सांगितली आहे. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आमच्या पेन्शनरांच्या कंपूत तिला हमखास हशा मिळतो. एका व्हिडिओ गेममध्ये कॉम्प्युटरची माणसं शहर वसवायला निघतात आणि शेवटपर्यंत नुसती चालतच राहतात, असा तो किस्सा. कुणीतरी विचारतं, "मग चूक कुणाची होती?" मी म्हणतो, "होती एक प्रोग्रामर." आणि आम्ही चहाला जातो. त्यापुढचं मी इतकी वर्षं टाळलं. ते आता लिहितो.

मी नगररचना खात्यातून निवृत्त झालो. म्हणजे शहराचा विकास आराखडा करणारा माणूस. रस्ता कुठून जाईल, शाळा कुठे येईल, बाग कुठे होईल, हे नकाशावर रंगवायचं. बाग बहुतेक वेळा नकाशावरच राहते. निवृत्तीनंतर मी घरी बसून सोसायटीच्या पार्किंगचे आराखडे काढायला लागलो, तेव्हा बायकोने माझ्यासाठी काम शोधायला सुरुवात केली. आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा नीलेश याचा नाशकातच गंगापूर रोडला गेम स्टुडिओ होता, एका दातांच्या दवाखान्याच्या वर.

"काका, आमच्या गेममध्ये शहरं वसवायची आहेत," नीलेश म्हणाला. "तुम्ही तर खरी वसवलीत. सल्लागार म्हणून या ना."

मी एकही शहर वसवलेलं नव्हतं. आधीच वसलेल्या लोकांना, तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात, असं लेखी कळवत होतो. हे मी नीलेशला सांगितलं नाही.

गेम टर्न-बेस्ड होता. म्हणजे बुद्धिबळासारखा: आधी तुमची पाळी, मग समोरच्याची. नकाशा मधाच्या पोळ्यासारखा, षट्कोनी घरांचा. सुरुवातीला प्रत्येक राजाकडे एक सेटलर असतो. सेटलर म्हणजे एक बैलगाडी आणि तिच्यामागून चालणारी चार माणसं. बरं घर पाहून ती तिथे शहर वसवतात आणि गाडी नाहीशी होते. शहर पोसलं की त्याची हद्द वाढते, शेजारची घरं त्यात येतात. मग पुढचा सेटलर, पुढचं शहर. ज्याची शहरं चांगल्या जागी आणि लवकर होतात, तो पुढे जातो. समोर खेळायला माणूस नसेल तर कॉम्प्युटर खेळतो. त्याच्या डोक्याला एआय म्हणतात. आमच्या गेममधलं ते डोकं नसरीनने लिहिलं होतं.

नसरीन नामपूरची. वडील कांद्याचे व्यापारी. घरापासून लांब राहून नोकरी करणारी त्यांच्या घरातली पहिली मुलगी. एकदा डबा खाताना ती मला म्हणाली होती, "सर, अब्बूंना मी सांगितलंय. गेम बाहेर आला की शेवटी नावं येतात. त्यात माझं नाव दिसलं तर मी नाशकात राहणार. नाही दिसलं तर तुम्ही म्हणाल तसं." त्यामुळे मला काही माहीत नव्हतं, असंही मला आज म्हणता येत नाही.

मी सल्लागार झालो आणि सल्ले द्यायला लागलो. शहराची जागा निवडताना नदी बघायची, उतार बघायचा, पूररेषा बघायची. गोदाकाठच्या माणसाला पूररेषा शिकवावी लागत नाही. कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर वाऱ्याने कुठे जाईल, तेही बघायचं.

"सर, आपल्या गेममध्ये धूरच नाहीये," नसरीन म्हणाली.

"मग घाला."

तिने हसून वहीत काहीतरी लिहिलं. धूर शेवटपर्यंत आला नाही. मला वाटतं, तिने वहीत माझं चित्र काढलं असावं.

"सर, खरं सांगू का? पहिल्या पाळीला गाडी जिथे उभी असेल तिथेच शहर वसवलेलं परवडतं. उत्तम जागा शोधत फिरणारा मागे राहतो."

"माणसं अशी कुठेही बसत नाहीत, नसरीन."

"आमचं नामपूर बघायला या एकदा."

तरीही माझे बहुतेक नियम तिने बसवले आणि कॉम्प्युटर झकास खेळायला लागला. मला दोनदा हरवलं त्याने. नीलेश खूश होता. पुण्याहून एक कंपनी गेम बघायला येणार होती. ती हो म्हणाली तर गेम बाजारात जाणार, नाही म्हणाली तर स्टुडिओ पुन्हा कपड्याच्या दुकानांची अ‍ॅप बनवणार.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी नसरीनच्या मागे खुर्ची टाकून गेम बघत होतो. नीलेश पाहुण्यांच्या हॉटेलची व्यवस्था बघायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. पडद्यावर कॉम्प्युटरची दोन शहरं वाढत वाढत एकमेकांना चिकटली. मी उठून उभा राहिलो.

"हे काय! हे तर नाशिक-सातपूर झालं! मधे हिरवा पट्टा कुठाय?"

"सर, दोन शहरांमध्ये चार घरांचं अंतर ठेवलंय की."

"कुठून मोजलंस?"

"सेंटरपासून. जिथे शहर वसवलं त्या घरापासून."

"सेंटरपासून कोण मोजतं? हद्दीपासून मोज."

ती खुर्चीत वळली. "सर, हद्द दर काही पाळ्यांनी पुढे सरकते. नक्की हद्दीपासूनच?"

"अगं, मी आयुष्यभर हद्दीपासूनच मोजत आलो."

"मग पूर्ण गेम एकदा चालवून बघायला लागेल. उद्या डेमो आहे."

"एक शब्द बदलायचाय. त्यात चालवून काय बघायचं?"

तिने बदलला. मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर डेमो सुरू झाला. पुण्याच्या पाहुण्या बाई हिरव्या राजाकडून खेळत होत्या, लाल राजाकडून कॉम्प्युटर. दोघांचं पहिलं शहर वसलं. बाईंचं दुसरं वसलं, तिसरं वसलं. लाल गाडी एका सुंदर जागेकडे निघाली. नदी, उतार, सगळं माझ्या मनासारखं. ती पोचेपर्यंत लाल शहराची हद्द एक घर पुढे सरकली होती. आता ती जागा हद्दीपासून चार घरांच्या आत. गाडी वळली आणि पुढची जागा शोधायला लागली. तिथे पोचली, तोवर हद्द पुन्हा सरकली. तोवर लाल राजाने दुसरी गाडी काढली. तीही निघाली. मग तिसरी.

"हे लाल लोक कुठे चाललेत?" बाईंनी विचारलं. "ब्रह्मगिरीच्या फेरीला का?"

सगळे हसले. लाल गाड्या डोंगराला वळसा घालून खरोखरच रांगेने चालल्या होत्या. मला काय झालंय ते तिसऱ्या गाडीलाच कळलं होतं. नसरीनला पहिल्याच गाडीला कळलं असणार.

नीलेशचा चेहरा उतरला. "नसरीन, काय आहे हे?"

"सर, काल..." ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, एवढा विचार तिने केला. मला बोलायला तिने जागा मोकळी ठेवली. मी ती जागा घेतली.

"अंतराचा नियम मी दिला होता," मी म्हणालो. "तो कसा बसवला गेला, ते संबंधित प्रोग्रामरच सांगू शकतील."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. अशी वाक्यं करण्यात माझी हयात गेली. एरवी मी तिला 'अगं नसरीन' म्हणायचो. त्या एका वाक्यापुरती ती 'संबंधित' झाली.

पाहुणे चहा घेत होते तेवढ्या वेळात तिने तो शब्द परत बदलला. जिन्यात मला गाठून म्हणाली, "सेंटरपासून केलंय सर. आता चालतंय." बस, एवढंच. ती मला सांगत होती की आता काळजी करू नका. मी म्हणालो, "छान, छान."

पुण्याच्या कंपनीने गेम घेतला. अट एकच घातली: एआयसाठी अनुभवी माणूस आणा. नीलेशने बेंगळुरूचा एक माणूस आणला आणि नसरीनला कपड्याच्या दुकानाच्या अ‍ॅपवर बसवलं. ती थोडे दिवस तिथे राहिली. एक दिवस तिचे अब्बू गाडी घेऊन आले आणि तिचं सामान घेऊन गेले.

गेम बाहेर आला. खेळणाऱ्यांनी लिहिलं की यातला कॉम्प्युटर शहरं फार शहाणपणाने वसवतो. शेवटच्या नावांमध्ये माझं नाव आहे: नगररचना सल्लागार. नसरीनचं नाही. बेंगळुरूच्या माणसाने तिच्या कामात फारसं काही बदललं नव्हतं, असं नीलेशच पुढे एकदा बोलता बोलता म्हणाला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी त्याला म्हणालो, "असतं असं कधी कधी."

परवा घरी पाहुणे आले होते. मी नेहमीचा किस्सा रंगवून सांगितला. ते गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, "त्या मुलीचं पुढे काय झालं हो?" तिला खरं काहीच माहीत नव्हतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

नीलेशकडून नसरीनचा नंबर घेऊन मी भाड्याच्या गाडीने नामपूर गाठलं. माफीचं वाक्य पाठ केलं होतं: 'हद्दीपासून मोज, असं मी सांगितलं होतं, आणि ते मी सगळ्यांपासून लपवलं.' दारातच म्हणायचं ठरवलं होतं. दारात तिचे अब्बू भेटले. "या साहेब, आपलंच घर शे." पाहुण्यांनी खोली भरलेली. नसरीन आतून आली. आता ती घरी बसून परदेशातल्या एका कंपनीचं काम करते. "सर! आलात शेवटी आमचं नामपूर बघायला. बसा, जागा असेल तिथे बसा." मी मनात म्हटलं, चहा झाल्यावर सांगू. चहा झाला. मग वाटलं, पाहुणे गेल्यावर. पाहुणे गेले, तर अब्बू म्हणाले, "साहेब, मागे नसरीनसाठी ऑफिसची खोली बांधतोय. तुम्ही खात्यातले. जरा नजर टाका."

मी नजर टाकली. नजर टाकायला मी कायम तयार असतो. परवानगी, खिडक्या, पाण्याचा निचरा, सगळ्यावर बोललो. अब्बू दुकानात गेले. नसरीन मला गाडीपर्यंत सोडायला आली. आता आम्ही दोघंच होतो, त्या खोलीतल्यासारखे.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

वाक्य जिभेवर होतं.

"मागच्या बाजूला," मी म्हणालो, "मोकळं अंतर सोड. बांधकामाला ते लागतंच."

तिने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं.

"कुठून मोजायचं, सर?"

"हद्दीपासून," मी म्हणालो.

"नक्की ना?"

मी मान हलवली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.