जावईबापूंनी रंगवलेलं पान

आमच्या जावईबापूंना सगळी गल्ली पेंटर म्हणते. सासऱ्यानं तसं म्हणू नये, पण माझ्याही तोंडात तेच बसलंय. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांची एक रीत होती. पाटी अर्धी झाली की शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि समोरून एक डोळा मिटून बघायचं. एकदा असेच मागे मागे सरकताना ते थेट एका सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. सलूनवाल्यानं काही न विचारता गळ्यात फडकं बांधलं. यांनीही आरशात पाटी न्याहाळत दाढी उरकून घेतली आणि पुन्हा शिडीवर चढले.

ती शिडीच गेल्या वर्षी घसरली. ऑपरेशन करून गुडघ्यात सळई बसवावी लागली. चाला, फिरा, पण शिडी विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. माझी लेक एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसते, त्यामुळे पडलेली माणसं ती रोज बघते. तिनं नवऱ्याला न विचारता घरातली शिडी विकली आणि लायब्ररीच्या वरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालतो, तिथं त्यांचं नाव घातलं. वेबसाइटची पानं सजवायला शिकवतात म्हणे. "रंगच लावायचाय, फक्त बसून," असं म्हणाली.

जिना चढताना आधार म्हणून मी सोबत जायचो, असं घरी सांगितलेलं. खरं म्हणजे मला वर्गात बसायची हौस. आमची गावची शाळा एका खोलीची, चार इयत्ता एकाच सतरंजीवर, आणि मास्तरांची गाय व्यायली की आम्हाला सुट्टी. ती गाय फार वेळा व्यायची. असो.

शिकवणाऱ्या मॅडम मला नात शोभतील अशा वयाच्या. त्यांनी पहिल्या दिवशी एक पान दाखवलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकाखाली एक, धुतल्या भिंतीसारखं उघडंबोडकं. मजकूर इथं राहू द्यायचा, त्याचा रंग, आकार, जागा हे सगळं वेगळ्या फाईलमध्ये लिहायचं, त्याला सीएसएस म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. लिहायचं कसं, तर आधी कुणाला सांगायचंय ते, म्हणजे मथळ्याला की परिच्छेदाला. मग महिरपी कंस उघडून काय करायचं ते. रंग, पुढे दोन टिंबं, निळा, आणि शेवटी अर्धविराम. मला तर हे फार आवडलं. आयुष्यभर घरात हुकूम सोडले, ऐकलं कुणीच नाही. इथं मथळा निमूटपणे निळा झाला.

जावईबापू मात्र अर्धविराम विसरायचे, आणि तो विसरला की पुढचा हुकूमही वाया जायचा. पण सगळ्या किमतींना मिळून एकच नाव देता येतं आणि त्या नावाला एकदा सांगितलं की पानभरच्या किमती रंग बदलतात, हे कळलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "बाबा," मला म्हणाले, "कपड्याच्या दुकानात किमतीची एकेक पाटी खरवडून लाल पुसला होता मी. मालकाला हिरवा हवा होता. खांदा उतरला होता."

त्यांच्या ओळखीचा एक छापखानेवाला. माणूस वाईट नाही, व्यवहारी आहे. त्यानं सांगितलं, आमच्या छापखान्याचं वेबसाइटचं पान करून दाखवा. जमलं तर सोमवारपासून टेबलाचं काम. नाही जमलं तर इमारतींवर छापील बोर्ड बसवायला माणूस हवाच आहे. शिडी आमची.

लेकीनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "बाबा, हे शिडीलाही हो म्हणतील. आलेलं काम सोडायचा स्वभाव नाही त्यांचा. अन् मी अडवलं तर लपून चढतील."

जावईबापूंनी जीव ओतून पान केलं. मेजरटेप लावून लॅपटॉपचा पडदा मोजला. नाव एवढे पिक्सेल रुंद, चौकट एवढी उंच, सगळं मापात बसवलं. मग दारापर्यंत मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं, मला दोनदा बाजूला सरकवलं. पान खरोखर देखणं झालं होतं.

छापखानेवाल्यानं ते आपल्या मोबाइलवर उघडलं. नाव अर्धंच दिसलं, अर्धं पडद्याबाहेर. फोन नंबरचा पत्ताच नाही. "पेंटर, पाटी झकास आहे," तो हसून म्हणाला, "पण गिऱ्हाइकानं माझं नाव वाचायला बोट घासत परगावी जायचं का? सोमवारी बोर्डाच्या कामाला या."

जावईबापू "बरं" म्हणाले. एवढंच.

मला राहवलं नाही. मी खुर्ची ओढली आणि आमच्या गावच्या सुताराची गोष्ट काढली. त्यानं घराबाहेर बसून पलंग केला, तो दारातून आत जाईना, मग कुणी काय सल्ला दिला, सुताराची बायको काय बोलली, तिचा भाऊ कसा आला. भाऊ येईपर्यंत छापखानेवाल्यानं हात जोडले. "आजोबा, शनिवारपर्यंत वेळ दिला. पण हा पलंग आता राहू द्या."

मॅडमनी पान बघितलं आणि चूक लगेच दाखवली. "काका, तुम्ही माप दिलंत. माप नका देऊ, रुंदीतला वाटा द्या. जो पडदा असेल त्याची पूर्ण रुंदी घे, पण अमक्यापेक्षा जास्त पसरू नको, असं सांगा. आणि पडदा लहान असेल तेव्हाचे नियम वेगळे लिहा."

"म्हणजे भिंत न बघताच पाटी रंगवायची," जावईबापू म्हणाले.

"भिंत बघणाऱ्याच्या खिशात असते, काका."

मग त्यांनी सगळी मापं उपसून काढली. पण समोरच्या फुटपाथवरून बघायची सवय काही जाईना. बघायला जागा हवीच. ती लेकीच्या दवाखान्यात सापडली. नंबर लागेपर्यंत माणसं मोबाइलच बघत बसतात. जावईबापू एकेकाजवळ जाऊन अदबीनं पान उघडायला सांगायचे. कुणाचा मोबाइल उभा, कुणाचा आडवा, कुणाच्या काचेला तडे. एका आजींनी दिसत नाही म्हणून अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली, की मजकूर चौकटीतून खाली सांडला. चौकटीची उंची तेवढी बांधलेली राहिली होती. ती त्यांनी तिथंच बाकावर बसून सोडवली. आजी म्हणाल्या, "आता बघा माझ्या कानाचंही काही होतंय का."

शनिवारी छापखानेवाल्यानं मोबाइल उभा धरला, आडवा धरला, मग नोकराचा मागून घेतला. बराच वेळ दोष शोधत होता. मी सुताराच्या मेहुण्याचं काय झालं ते सांगायला घसा साफ केला, पण जावईबापूंनी माझा हात दाबला.

"नंबर जरा मोठा हवा," छापखानेवाला शेवटी म्हणाला.

जावईबापूंनी लॅपटॉप उघडला, एका ओळीत एक आकडा बदलला, अर्धविराम बघून घेतला. पानावर जिथं जिथं नंबर होता तिथं तो मोठा झाला.

"सोमवारी या. खिडकीजवळचं टेबल घ्या." मग तो म्हणाला, "बोर्डाला दुसरा माणूस बघतो."

बाहेर येऊन जावईबापूंनी माझ्या लेकीला स्पीकरवर फोन लावला. टेबलाचं सांगायला सुरुवात करतात तोच तिनं मधेच विचारलं, "शिडी?"

"नाही," ते म्हणाले.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग पुढच्या पेशंटला तिनं नंबर सांगितला, तो मात्र नेहमीपेक्षा मोठ्यानं.