न दिसणारा पासवर्ड
परवा नातीनं नव्या लॅपटॉपचं खोकं फोडलं, थर्माकोलचा तो कोरा वास आला आणि मी थेट सेनगावजवळच्या गोरेगावातल्या आमच्या बैठकीत जाऊन पोचले. टेबलावर आमचा पहिला कॉम्प्युटर, भाचीनं दिलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स नुकतंच चढवलेलं, आणि समोर मी, गावभर आधीच मिरवून आलेली शहाणी. भाची नांदेडहून फोनवर सांगत होती. फोन समोरच्या किराणा दुकानात, म्हणून रिसीव्हर धरून आमचे हे तिथून ओरडत होते. मधल्या रस्त्यावर सेनगावला जाणारी जीप माणसांनी भरत होती. पडद्यावर मीच ठेवलेला पासवर्ड मागितला होता, पण टाइप केलेलं एकही अक्षर उमटेना, म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा ठोकत होते आणि मशीन काही आत घेईना. “अहो, बिघडलं वाटतं हे,” मी रडकुंडीला आले. “अगं, पण लिहून काय राहिली तू?” हे तिकडून ओरडले. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर कधी तोंडावाटे न काढलेलं यांचं नाव मी ठणठणीत आवाजात सांगून टाकलं. अख्खी जीप वळून यांच्याकडे बघायला लागली. हे फोनवर काहीतरी पुटपुटले, मग मान खाली घालून म्हणाले, “ती म्हणून राहिली, पासवर्ड दिसत नसतो. एकदाच लिही अन् एंटर दाब. अन् कुणाला सांगू नको.” मी लिहिलं, दाबलं, निळाशार पडदा उघडला आणि मी टाळ्या पिटत रस्त्यावर आले. जीपमधली एक म्हातारी म्हणाली, “नाव चांगलंय, बाई.” तो पासवर्ड मी अजून बदललेला नाही. परवा नातीनं विचारलं, “आजी, तुझा पासवर्ड काय गं?” म्हटलं, सेनगावच्या जीपवाल्यांना विचार.