भाव सांगणारे हुद्दार

मुरलीधर हुद्दार यांस,

परवा माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही जे सांगितलंत ते लिहून काढते आहे. लिहा म्हणालात म्हणून लिहिते, नंतर वाचून तोंड वाकडं करू नका. एक आधीच सांगते. पुढच्या ओळीपासून तुम्हाला एकेरीत आणणार आहे. ‘ते आले, ते म्हणाले’ करत बसलं की माणूस त्या मानाच्या आड लपतो, आणि तुम्ही आधीच पुष्कळ लपलेले आहात. तुमची बाजूही मी घेणार नाही. ती शशीनेसुद्धा घेतली नाही, आणि ती तर तुमची बायको.

तर मुरलीधर. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये जन्मभर नोकरी करून तो निवृत्त झाला. पण इथल्या मराठी घरांत त्याची ओळख लॅबची नव्हती. तो भाव सांगणारा. पौंडाला आज किती रुपये, हे हुद्दारांना फोन करून विचारायचं, असा रिवाज सत्तरच्या दशकापासूनच पडलेला होता. तेव्हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात भाव यायचा. पुढे टीव्हीवर टेलिटेक्स्टची, नुसत्या अक्षरांत बातम्या नि भाव दाखवणारी, पानं आली. तेव्हापासून न्याहारी झाली की तो रिमोट घेऊन भावाचं पान उघडायचा आणि फोनजवळच्या खुर्चीत बसायचा. कोणाला आईच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवायचे असत, कोणाला पुण्यातल्या प्लॉटचा हप्ता. ‘काका, आज पाठवू का?’ मुरलीधर दुरून काही ऐकू येत असल्यासारखे डोळे मिटून घेई, आणि म्हणे, ‘थांब आठवडाभर.’

आणि बहुतेक वेळा आठवड्याने थोडे जास्तच मिळत. यात अक्कल काही नव्हती. रुपया वर्षानुवर्षं घसरतच होता. जो थांबे त्याला जास्त मिळे. घसरगुंडीवर बसलेलं पोर खाली येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण लोक मानत, आणि तीस वर्षं कोणी मानत राहिलं की ते स्वतःलाही पटत जातं. शशीला मात्र पटलं नाही. ‘एवढं लक्ष माझ्या गुडघ्यांकडे दिलं असतंत तर आज मी जिना चढले असते,’ असं ती चारचौघांत सुनवायची. तो हसून घ्यायचा.

दोन हजार सात साली उलटं वारं सुटलं. रुपया चढायला लागला. ज्याची आपण जन्मभर चेष्टा केली तो रुपया आता ताठ उभा राहतोय, याचं मुरलीधरला भलतंच भरतं आलं. त्याच सुमाराला, पेन्शनचे कागद बघणाऱ्या इंग्रज सल्लागाराने त्याला एक नवा फंड दाखवला. आपल्याकडे म्युच्युअल फंड म्हणतात तसाच, हजारो लोकांचे पैसे एकत्र केलेला. फक्त त्यात शेअर नव्हते. भारत, ब्राझील, तुर्कस्तान, कोरिया, दक्षिण आफ्रिका अशा वर येणाऱ्या देशांची नुसती चलनं घेऊन ठेवायची, ती वधारली की आपले पैसे वाढले. ‘चलनातलं तुम्हाला मी काय सांगणार, मिस्टर हुद्दार,’ असं तो म्हणाला, आणि मुरलीधर तिथेच विरघळला.

मग सल्लागाराने बराच वेळ आणखी काही समजावलं. हे सगळं डॉलरसमोर मोजलं जातं, पौंडाची बाजू बांधून ठेवली आहे, पौंडाच्या चढउताराचा फंडाला नफा नाही की तोटा नाही. मुरलीधर मान हलवत राहिला. त्याला एकच भाव ठाऊक होता, पौंडाला रुपये किती. डॉलरचं मध्येच काय काम, हे त्याला कळलं नाही. विचारलंही नाही. ज्याला अख्खं गाव विचारतं त्याने कसं विचारायचं, असं तो मला आजही सांगतो, जणू हे कारण झालं.

त्याने स्वतः थोडेच पैसे घातले, कारण शशीने चेकबुक काढून घेतलं. जास्तीचे घातले सुलक्षणाने.

सुलक्षणा ही त्याचा लॅबमधला जिवलग मित्र पुरुषोत्तम याची बायको. इथल्या शाळेत शिवण शिकवायची. मूलबाळ नाही, आणि पुरुषोत्तम गेल्यावर तिने ठरवलं की आता नागपूरला ताईजवळ जायचं. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, तीही एकटीच, लक्ष्मीनगरात. ताईच्या घरासमोर नवी इमारत उठत होती, त्यात सुलक्षणाने तळमजल्यावरच्या दोन खोल्या बुक केल्या. लेस्टरचं घर विकलं आणि तिथेच मेल्टन रोडजवळ एका दुकानावरची खोली भाड्याने घेतली. ताबा दीड वर्षाने मिळणार, उरलेले पैसे तेव्हा द्यायचे. तोवर घराचे आलेले पैसे कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न होता.

तिला स्वतःला एक साधी गोष्ट सुचली होती. ती मुरलीधरला म्हणाली, ‘भाऊजी, सरळ रुपये करून नागपूरच्या बँकेत टाकते. रोज भाव बघायची कटकट नको.’

‘थांबा वहिनी,’ मुरलीधर म्हणाला. जिभेला दुसरं वळणच नव्हतं. एकट्या रुपयावर कशाला राहायचं, सगळ्या चढत्या देशांची चलनं घेऊ, आणि उद्या पौंड पडला तरी तुमचं घर सुरक्षित, असं त्याने तिला तासभर पटवलं. ऐकायला शहाणपणाचंच होतं ते. तिने सगळे पैसे फंडात टाकले.

पहिलं वर्ष बरं गेलं. फंड वर गेला आणि सुलक्षणाने इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात सगळ्यांसमोर त्याला वाटी भरून बासुंदी वाढली. मग दोन हजार आठचा सप्टेंबर आला आणि टीव्हीवर रोज कुठली ना कुठली बँक बुडायला लागली. सुलक्षणा घाबरली. काढून घेऊ का, असं तिने दसऱ्याला विचारलं, दिवाळीला पुन्हा विचारलं. मुरलीधरने टेलिटेक्स्ट उघडलं. पौंड रुपयासमोर पडत चालला होता. त्याला उलट आनंद झाला. पौंड पडतोय म्हणजे आपली चलनं वर, म्हणजे फंड वर, असा त्याचा सरळ हिशोब. थांबा म्हणाला. दोन्ही वेळा.

डिसेंबरात बिल्डरचा निरोप आला, ताबा तयार आहे. पैसे काढायचे म्हणून मुरलीधरने फंडाची किंमत विचारली, तर ती चौथा हिस्सा खाली आलेली. चूक झाली असेल म्हणून त्याने सल्लागाराला फोन लावला. सल्लागाराने सावकाश पुन्हा सांगितलं. पौंडाची बाजू बांधलेली होती, तेव्हा पौंड पडल्याचा फायदा फंडात येणारच नव्हता. डॉलरसमोर मात्र ती सगळी चलनं आपटली, तो तोटा पुरेपूर आला. वर उरलेल्या पौंडांचे आता रुपयेही कमी मिळणार होते. दोन्हीकडून मार.

‘मी हे सांगितलं होतं, मिस्टर हुद्दार,’ तो म्हणाला. ‘तुम्ही हो म्हणालात.’

शशी शेजारीच बसली होती. तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, ‘आता वहिनींकडे जा आणि समजलं नव्हतं म्हणून सांगा. एवढंच सांगा. जास्त भाषण नको.’

तो गेला. वाटेत, बेलग्रेव्ह रोडवरून चालताना, वाक्य घोकत गेला: वहिनी, मला ते समजलंच नव्हतं. जिना चढून वर गेला. सुलक्षणाने बांधाबांध सुरू केली होती. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरत होती. तिने एक खुर्ची मोकळी करून दिली. तो बसला आणि म्हणाला, ‘जगभर आपटलंय वहिनी. कोणी म्हणून सुटलं नाही.’

हे खरंच होतं. म्हणूनच ते सांगणं एवढं सोपं गेलं.

किती गेले ते तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती हातातली कढई गुंडाळायची थांबली. एवढ्यात फ्लॅट बसत नव्हता, हे तिला हिशोब न करताच कळलं. बिल्डर महिनाभरही थांबायला तयार नव्हता, मागे गिऱ्हाईक उभं होतं. लेस्टरचं घर तर विकून बसलेली.

‘तुमचंही गेलं असेल की हो,’ ती म्हणाली.

‘गेलंच,’ मुरलीधर म्हणाला.

माझ्याकडे हे सांगताना तो टेबलाकडे बघत होता. मी म्हटलं, पुढे बोला.

पुढे असं, की सुलक्षणा रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चहा टाकला. आठवड्याभराने, फ्लॅट हातचा गेल्यावर, तिने त्याला पुन्हा बोलावलं आणि म्हणाली, तुम्ही फेब्रुवारीत स्वानंदच्या लग्नाला नागपूरला चाललाय ना? स्वानंद त्याचा पुतण्या. मग माझं एक काम करा. ताईने माझ्या नव्या खोल्यांसाठी पलंग करून ठेवलाय, शेजारणींना सांगून ठेवलंय. मी फोनवर सांगायला गेले तर तिला वाटतं मलाच यायचं नाही, लंडनची हवा लागलीय. तिच्या लेखी लेस्टरही लंडनच. शेवटचा फोन तर तिने मध्येच ठेवून दिला.

‘तुम्ही घरी जाऊन समोर बसून सांगा,’ ती म्हणाली. ‘तुमचं तिला पटेल. पैशातलं तुम्हाला कळतं, हे तिला ठाऊक आहे. मीच तर सांगितलंय.’

त्याने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

फेब्रुवारीत तो नागपूरला गेला. लग्न झालं. दोन दिवसांनी ऑटो करून लक्ष्मीनगरला गेला. ताई ओसरीत खुर्ची टाकून गवार निवडत बसली होती, अगदी सुलक्षणासारखी मान एका बाजूला करून. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर कोणाचे तरी पडदे लागलेले होते. ताई विचारणार, नक्की झालं काय. मग सांगावं लागणार. ऑटोवाल्याने इथेच का, म्हणून विचारलं. मुरलीधर म्हणाला, ‘नाही, पुढे घ्या.’

परत आल्यावर सुलक्षणाचा फोन आला. भेट झाली का? घर सापडलं नाही, तो म्हणाला. नागपुरात जन्मलेला, तिथेच शिकलेला माणूस.

सुलक्षणा म्हणाली, ‘लक्ष्मीनगर हलवलं वाटतं त्या लोकांनी.’ आणि तेवढ्याच सुरात, ‘असू दे. पुढच्या खेपेला जा.’

भावाचे फोन येणं त्या वर्षी हळूहळू कमी झालं. नवी पोरं इंटरनेटवर बघतात. एखादा आलाच तर तो शशीला उचलायला लावी. मंडळाच्या कार्यक्रमाला सुलक्षणा आली की तो गाडी काढायच्या निमित्ताने लवकर उठे. ती तिथेच, दुकानावरच्या खोलीत. खोकी तशीच भिंतीला लावलेली, वरची दोन तेवढी उघडून रोजची भांडी काढलेली.

डिसेंबरात तो पुन्हा नागपूरला निघाला. आदल्या दिवशी सुलक्षणाने फोन करून पत्ता पुन्हा नीट सांगितला. कोणत्या चौकात उतरायचं, मेडिकलच्या दुकानाशी कुठे वळायचं, आणि खुणेसाठी समोरची ती नवी इमारत. त्याने सगळं ऐकून घेतलं, परत म्हणून दाखवलं. ताई दुपारची झोपते, तेव्हा पाचनंतर जा, असंही तिने सांगितलं.

नागपुरात तो महिनाभर राहिला. रोज पाचच्या सुमाराला फिरायला बाहेर पडायचा. लक्ष्मीनगरच्या बाजूला गेला नाही.