‘ताप’ म्हणून सांगितलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण आता आत ठेववत नाही.

कल्याणच्या खाडीकाठच्या एका गावचा मी पाटील. गावात कुणी गेलं की कशानं गेलं ते कचेरीत कळवायचं, हे माझं काम. त्यावरून साहेब लोक कुठे कसली साथ आहे याचा अंदाज बांधत. आमच्याकडे पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव तोंडानं घेत नाहीत. घेतलं की ती घरात शिरते म्हणतात. म्हणून विचारलं की सगळेच ‘ताप’ सांगायचे. मी मात्र घरी जाऊन, मेलेल्याचं अंथरूण बघून, खरं ते कळवायचो. केवढा तोरा होता मला त्याचा!

मग माझ्या यमुनेचं लग्न ठरलं. टिटवाळ्याचा मुलगा, हसरा, गोड स्वभावाचा. दारात मांडव घातला, आणि त्याच आठवड्यात मिठागरावरचा एक गडी गेला — ढाळ, वांत्या, डोळे खोल गेलेले. मी स्वतः पाहिला. पटकी म्हटलं असतं तर डॉक्टर आला असता, गावच्या विहिरीत लाल औषध पडलं असतं, पाणी बंद झालं असतं. आणि वऱ्हाड? ते आलंच नसतं. मी कचेरीत उभा राहिलो आणि म्हणालो — ताप. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

वऱ्हाड त्याच विहिरीचं पाणी प्यायलं. अंगावरची हळद उतरायच्या आत जावई गेला. गावातही माणसं गेली; तीही मी तापातच घातली — आता मागे कसं फिरणार?

सासरच्यांनी यमुनेला पांढऱ्या पायाची म्हणून आणून सोडलं. मी तिथेच उभा होतो. खरं बोललो असतो तर पोरीवरचा बोल गेला असता. बोललो का? नाही. पाटीलकी जाईल याची भीती होती. दुसरं काही नव्हतं.

एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, “बाबा, माझाच पायगुन वाईट व्हता काय?”

“नशीब गो पोरी,” मी म्हणालो.

तिनं ते मानलं. अजूनही गावात कुणाच्या दारात मांडव उभा राहिला की ती कुणी न सांगता मागच्या पडवीत जाऊन बसते. आणि मी तिला बसू देतो.