मामांची गाती मोटार

अकोल्याला जठारपेठेत आमचे मामा वकील होते. त्यांच्या नव्या मोटारीत रेडिओ होता, पण त्याचा आवाज गाडीबाहेर जात नसे. बाहेर ऐकू न जाणारी श्रीमंती मामांच्या काय कामाची? त्यांनी लग्नात भोंगे लावणाऱ्याला गाठलं आणि मागच्या सीटमागे दोन दांडगे स्पीकर बसवून घेतले. तेव्हापासून मामी कानात कापूस घालून गाडीत बसायच्या.

एकदा अमरावतीला निघालो. मूर्तिजापुरात मामांनी चहासाठी गाडी थांबवली आणि रेडिओ मुद्दाम चालू ठेवला. एवढा गोंगाट करत गावात येते ती सिनेमाच्या जाहिरातीची, पत्रकं वाटणारी गाडी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. गर्दी जमली तसे मामा फुगले. एका म्हाताऱ्याने हात पुढे केला. मामांनी ऐटीत आपलं वकिलीचं कार्ड दिलं. त्याने ते उलटून-पालटून पाहिलं.

"याच्यावर फोटू काहून नाही जी? शिनेमात हिरो कोन हाय?"

तेवढ्यात बॅटरी बसली आणि रेडिओ गप्प झाला. मामींनी कानातला कापूस काढला, तेव्हा म्हातारा पुन्हा हिरो कोण तेच विचारत होता.

"हिरो हेच," त्या म्हणाल्या, "आता गाडी ढकलायले माणसं पाहून राहिले."