लागू नसेल ते खोडावे

आमच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांना सगळे पट्टीवाले म्हणत. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं केंद्र, आणि जिन्याजवळचं टेबल त्यांचं. एक शब्द खोडायचा तरी ते पट्टी लावत. बावीस वर्षांत आपला एकही अर्ज परत आला नाही, हे नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी सांगत. मी तिथली वकील. माझ्या मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना त्यांना जो आनंद व्हायचा, त्याने माझं डोकं फिरायचं.

जानेवारीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. महिन्यापूर्वी नवरा गेला होता. गृहनिर्माण कार्यालयाने दिलेली खोली त्याच्या नावावर होती, ती स्वतःच्या नावावर करून हवी होती. छापील अर्जात दोघांच्या नावांपुढे 'हयात / मयत' असतं आणि खाली बारीक अक्षरात 'लागू नसेल ते खोडावे'. पट्टीवाल्यांनी लागू होतं तेच खोडलं. दोन्ही ओळींत, एकदम सरळ रेघेत. मीही डोळे झाकून शिक्का मारला.

मार्चमध्ये नवऱ्याच्या नावाने पत्र आलं. आपल्या पत्नीच्या निधनाची नोंद घेतली आहे. एकट्याला एवढी खोली लागत नाही, तरी डिसेंबरअखेर रिकामी करावी.

"माझ्या हातून असं होणं शक्य नाही," पट्टीवाले म्हणाले. "तिकडे कुणीतरी रेघ हलवली."

"रेघ हलते का हो?" मी विचारलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुरुस्तीसाठी त्यांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, चूक माझी, असं. ते आज-उद्या करत राहिले. बाईही म्हणायच्या, "राहू द्या भाऊ, घाई नाही." मला दोघांचाही राग यायचा. खोली गेली तर बाई मशीन कुठे मांडणार होत्या?

त्या दर महिन्याला येऊन बाकावर बसत. मे महिन्यापासून लोक सरळ त्यांच्या जागेवर बसायला लागले, मग त्या मुकाट्याने सरकत. आमची शिपाईण पाचजण बसलेले असताना पाण्याचे चार पेले आणायची. एकदा मी स्वतः बाक रिकामा समजून दिवा बंद केला. "मी आहे, वकीलबाई," अंधारातून आवाज आला.

जूनमध्ये मी हरकत घेतली. सुनावणीला नवऱ्याने स्वतः हजर राहावं, अशी नोटीस निघाली. मी कार्यालयात पोचले तर साहेब म्हणाले, "सकाळीच येऊन गेले ते. खोली सोडणार नाही म्हणाले. बायको घरात आहे म्हणतात. खचलाय हो माणूस." हजेरीपटावर सही होती. मी ती नवऱ्याच्या जुन्या भाडेकरारावरच्या सहीशेजारी धरली आणि हजेरीपटाची झेरॉक्स मागून घेतली.

पट्टीवाल्यांनी दोन्ही सह्या भिंगातून बराच वेळ पाहिल्या. "त्यांचीच आहे," एवढंच म्हणाले. सप्टेंबरच्या सुनावणीलाही तेच झालं. त्यानंतर पट्टीवाले बारीक होत गेले. नोव्हेंबरात त्यांनी न सांगता प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चूक माझी, मीच खोडलं. अक्षर वेडंवाकडं होतं. मला त्यांची कीव आली आणि उगाच वर्षभर तोडून बोलले, असं वाटलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहिलो. दुरुस्तीचा अर्ज तोच, छापील. पट्टीवाल्यांनी पेन बाईंच्या हातात दिलं.

"मी नाही खोडणार, ताई. तुम्हीच खोडा."

बाईंनी आधी आपल्या नावापुढचं 'मयत' खोडलं. मग नवऱ्याच्या ओळीवर येऊन पेन थांबलं.

"हे तसंच ठेवलं तर?"

"अर्ज बाद होईल. खोली जाईल," मी म्हणाले.

खिडकीतला कारकून घड्याळ बघत होता. बाईंनी पट्टी न लावता 'हयात'वर रेघ मारली. ती पार खालच्या ओळीत उतरली. कारकुनाने शिक्का मारला आणि पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"झाली तुमची खोली," पट्टीवाले म्हणाले.

बाईंनी पेन त्यांना परत दिलं. "आता किल्ली करून घ्यावी लागेल, भाऊ. वर्षभर लागलीच नाही. दार वाजवलं की ते उघडायचे."